आमच्या घरची 'नीट'

(द्वितीय वर्ष, कला)

'नीट' हा शब्द मराठीत जुना आहे. नीट बस, नीट जेव, नीट लिही, असा तो जन्मापासून आपल्या पाठीस लागलेला असतो. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर जी एकच परीक्षा घेतात, तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे ज्याने जुळवली त्याला मराठी येत नसावे; नाहीतर मुळातच एवढा धाक असलेला शब्द त्याने निवडला नसता. आमच्या घरात २०२१ च्या पावसाळ्यापासून २०२४ च्या जूनपर्यंत हा शब्द दोन्ही अर्थांनी इतक्या वेळा उच्चारला गेला की, पुढे पुढे आईने "मेथी नीट निवड गं" म्हटले तरी माझ्या पोटात गोळा यायचा.

आम्ही वाघोलीचे. इतिहासाच्या सरांना वाघोली म्हटले की पिलाजीराव जाधवरावांची समाधी आणि वाघेश्वराचे देऊळ आठवेल. बाकीच्यांना आठवते ती नगर रस्त्यावरची कोंडी, पाण्याचे टँकर आणि दगडाच्या खाणी. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण रस्त्याला सगळे नगर रस्ताच म्हणतात.) ३० जून २०२१ ला आमचे गाव पुणे महापालिकेत गेले. त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते. टँकर मात्र पूर्वीसारखाच येत राहिला, कधी पहाटे चारला, कधी रात्री अकराला.

बाबा एका खडी मशीनच्या वजनकाट्यावर कारकून आहेत. रिकाम्या डंपरचे वजन, भरलेल्या डंपरचे वजन, वजाबाकी, पावती; पुन्हा पुढचा डंपर. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांवर राखाडी धूळ बसलेली असते आणि ते अचानक दहा वर्षांनी म्हातारे दिसतात. तोंड धुतले की पुन्हा तरुण होतात. खोकला तेवढा धुतला जात नाही. तो बाराही महिने असतो. मी डॉक्टर व्हावे असे घरात कुणी बसून ठरवले नव्हते. तो खोकला ऐकत मी वाढले, एवढेच.

शिवाय दहावीला मला चौऱ्याण्णव टक्के पडले. आता हे चौऱ्याण्णव टक्के कसे पडले तेही सांगितले पाहिजे. २०२१ साली करोनामुळे दहावीची बोर्डाची परीक्षाच झाली नाही. शाळेच्या अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. म्हणजे मी परीक्षेला न बसता गुणवंत ठरले आणि पुढची तीन वर्षे एका परीक्षेसाठी बसून राहिले. नातेवाइकांना हा तपशील कळला नाही. त्यांनी पेढा तोंडात घालता घालताच मला डॉक्टरीणबाई करून टाकले.

बाबा म्हणत, "आमच्या वेळी बारावीचे मार्क पाहायचे आणि घ्यायचे. आता हे काय नवीन?" नवीन तसे काही नव्हते. राज्याची सीईटी १९९९ साली आली. २०१३ च्या मे महिन्यात पहिली नीट झाली, त्याच जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१६ साली न्यायालयाच्याच आदेशाने ती परत आली. मी हे सगळे बाबांना सांगितले तेव्हा त्यांनी एकच विचारले, "मग खालीवर होणाऱ्या या काट्याला सील कुणाचं?" वजनकाट्यावरच्या माणसाचा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

काटा कसा चालतो तेही कलाशाखेच्या मित्रमैत्रिणींसाठी सांगते. एकूण गुण ७२०. भौतिक, रसायन आणि जीव हे तीन विषय. त्यांपैकी निम्मे गुण एकट्या जीवशास्त्राला. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक कापला जातो, न सोडवलेल्याला काही नाही. बोलून चुकण्यापेक्षा गप्प बसलेले बरे, हे सूत्र आमच्या घरातल्या बायकांना आजवर फुकट शिकवले जात होते. मी त्यासाठी क्लासची फी भरली.

ती फी बाबांच्या दहा महिन्यांच्या पगाराएवढी होती. पतसंस्थेचे कर्ज काढले. पण आता मागे वळून पाहताना वाटते की, फीचे एक बरे असते, तिची पावती मिळते. ज्याची पावती मिळत नाही असे बरेच काही घरातून जात होते आणि त्याचा हिशेब कुठेच लिहिला जात नव्हता.

आमचे घर दोन खोल्यांचे. आई डबे करते. आसपासच्या महाविद्यालयांतली परगावची मुले आणि कंपन्यांत जाणारी, मिळून बावीस डबे. पहाटे चारला ती कणीक तिंबायला घेई आणि चारलाच मी जुन्या शिलाई मशीनच्या फळीवर पुस्तक उघडी. कुकरच्या शिट्ट्यांवर माझे वेळापत्रक चाले: वरणाच्या शिट्ट्या झाल्या की भौतिकशास्त्र संपवायचे, भाताच्या झाल्या की रसायन. फोडणी पडली की मात्र डोळ्यांतून पाणी आणि रेणूंची सूत्रे एकदमच वाहू लागत. माझ्या धाकट्या भावाचे वय तेव्हा बारा. टँकरचा भोंगा वाजला की दोघांनी मिळून ड्रम भरायचे ही आमची जुनी वाटणी. मी अकरावीला गेले त्या दिवसापासून ती वाटणी कुणी न बोलता मोडली. भोंगा वाजे, तो डोळे चोळत पाईप ओढत जाई आणि मी खिडकीतून पाण्याचा आवाज ऐकत पान उलटी.

पुढे फाट्याजवळच्या एका अभ्यासिकेत मला जागा घेऊन दिली. महिना नऊशे रुपये. पुठ्ठ्याच्या आडोशाचे एकेक खुराडे, वर दिवा, खाली क्रमांक. माझा क्रमांक ३७. तिथली शांतता पहिल्या दिवशी मला सहनच झाली नाही. कुकर नाही, डंपर नाही, कुणी खोकत नाही. रात्री नऊनंतर मुलींनी एकटीने परतायचे नाही, असा नियम अभ्यासिकेचा नव्हता, घरचा होता. म्हणून बाबा दिवसभराचे काम उरकून स्कूटरवर न्यायला येत आणि मी उठेपर्यंत रस्त्याकडेला थांबत. आत काचेच्या दाराआड मला त्यांचा खोकला ऐकू येई. एकदा शेजारच्या खुराड्यातली मुलगी वैतागून म्हणाली, "कोण आहे हा माणूस रोजचा?" मी मान वर केली नाही. त्या वेळी मी श्वसनसंस्थेचाच धडा वाचत होते, ही गोष्ट कथेत घातली तर सर म्हणतील ओढूनताणून आणलीस. पण ती तशीच घडली.

आता माझ्या मैत्रिणीविषयी. तिचे नाव लिहीत नाही. ती खाणीवरच्या वस्तीतली. तिचे आजोबा दगड फोडायला म्हणून इकडे आले ते इथलेच झाले. खाणकामगारांच्या मुलांसाठी संतुलन संस्थेने चालवलेल्या पाषाणशाळेत तिने पहिली अक्षरे गिरवली, मग मराठी शाळा, मग माझ्याबरोबर अकरावी विज्ञान. तिच्याकडे क्लास नव्हता. महाज्योती या शासकीय संस्थेकडून भटक्या-विमुक्त आणि इतर मागास विद्यार्थ्यांना मिळतो तो टॅब होता, आणि त्यावरचे ऑनलाइन वर्ग. वस्तीत रेंज येत नसे, म्हणून ती खाणीच्या कडेला उंचावर जाऊन बसे. सुरुंगाची वेळ झाली की खाली यायचे, मग पुन्हा वर.

तिने नीटचा पेपर मराठीतून घेतला. २०१७ पासून तशी सोय आहे; प्रश्न मराठीत आणि त्याशेजारी इंग्रजीत. ऐकायला किती छान! पण मंडळी, पेपर मराठीत आणि पुस्तक मात्र इंग्रजीत. आमची अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके इंग्रजी, एनसीईआरटीची ज्यांतून सगळे प्रश्न येतात ती इंग्रजी किंवा हिंदी. मराठी शब्द नववी-दहावीपर्यंत बरोबर येतात आणि दारात निरोप घेतात. तंतुकणिका, हरितलवक, रिक्तिका, आंतर्द्रव्यजालिका हे शब्द तिला तोंडपाठ होते, आणि त्यांची इंग्रजी नावे पाठ करायला तिने भिंतीवर खडूने दोन रकाने आखले होते. पेशीतल्या लयकारिका नावाच्या अंगकांना आमच्या शालेय पुस्तकात 'आत्मघाती पिशव्या' म्हटले होते. ती म्हणायची, "इंग्रजीत वाचलं की नुसतं नाव कळतं गं. मराठीत वाचलं की ती काय करते ते कळतं." भाषांतरात संशय आला तर इंग्रजी प्रश्नच अंतिम धरायचा, असाही नियम आहे. म्हणजे मराठी पेपर हा मान आहे, हक्क नव्हे. मराठी विभागातल्या प्राध्यापकांनी यावर कधी बोलावे असे मला वाटते. मराठीतून पेपर मागणारी मुले देशातल्या लाखो उमेदवारांत मोजक्या हजारांतच असतात, त्याचे कारण मुलांना मराठीची लाज वाटते हे नाही.

मामा म्हणत, लातूरला पाठवा. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रात कुणाला माहीत नाही? बारावीच्या आणि प्रवेशपरीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून मुले तिकडे जातात. आमच्या गल्लीतून दोघे गेले. हे ऐकले की मला नेहमी एक उलटी गोष्ट आठवते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, त्यानंतर भारतीय जैन संघटनेने, शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने, लातूर-धाराशिवकडची बाराशे भूकंपग्रस्त मुले शिक्षणासाठी पुण्याला आणली, आणि त्यांच्यासाठी जे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले ते आमच्या वाघोलीत. त्या काळी लातूरच्या मुलांना वाघोलीत आसरा मिळाला. तीस वर्षांनी वाघोलीची मुले ट्रंका घेऊन लातूरला निघाली. रस्ता तोच, वाहतूक उलटी. वसतिगृहाचा खर्च ऐकल्यावर बाबांनी हिशेबाची वही मिटली आणि लातूरचा विषयही मिटला.

पहिली परीक्षा ७ मे २०२३ ला. पेपर दुपारी दोनचा, फाटक दीडला बंद होणार. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. नगर रस्त्याचा भरवसा काय धरावा? आम्ही सकाळी नऊला निघालो आणि साडेदहाला पोहोचलो, म्हणजे तीन तास आधी. पूर्ण बाह्या नकोत, बूट नकोत, दागिने नकोत, पेनसुद्धा आतच मिळणार. आईने गळ्यातली काळी पोत काढून घेतली आणि मुठीत धरून ठेवली. फाटकाबाहेर शेकडो आईबाप झाडांच्या तुटपुंज्या सावलीत वर्तमानपत्रे अंथरून बसले होते. कुणी जपमाळ ओढत होते, कुणी मोबाइलवर कोंडीचे फोटो दाखवत होते. या सगळ्यांचीही ही परीक्षाच होती. फरक एवढाच की त्यांना प्रश्नपत्रिका मिळालेली नव्हती.

मला ४१२ गुण मिळाले. मैत्रिणीला त्याहून थोडे कमी. दोघी 'पात्र' ठरलो. पण पात्र ठरणे आणि जागा मिळणे यांत पंगतीला बोलावणे आणि पानात वाढणे एवढे अंतर आहे. मग प्रश्न आला ड्रॉपचा, म्हणजे एक वर्ष घरी बसून पुन्हा तयारी करण्याचा. माझ्याकडे वर्ष होते. तिच्याकडे नव्हते. तिच्या आईने तिला समोर बसवून सांगितले, "बाई, तू हुशार आहेस, पण घर एवढं थांबू शकत नाही." ती नर्सिंगला गेली. परीक्षेच्या माहितीपत्रकात पात्रतेचे नियम पानेच्या पाने दिलेले असतात. घरी एक फुकटचे वर्ष असावे लागते, हा नियम त्यात कुठे छापलेला नाही.

माझ्या त्या वर्षाची हकीकत थोडक्यात सांगते, कारण सांगण्यासारखे त्यात फारसे नाही. रोजचे तेरा तास, ३७ क्रमांकाचे खुराडे, रविवारी सराव परीक्षा. लग्नकार्यांना जाणे बंद केले, कारण तिथे "यंदा होईल ना?" हा आहेर आधी मिळे. २०२३ च्या ऑक्टोबरात अभ्यासक्रमच कमी झाला. जीवशास्त्रातून पचनसंस्थेचा आख्खा धडा गेला, वनस्पतींतले वहन गेले, पर्यावरणाचे प्रश्न गेले. रसायनातूनही बरेच काही. क्लासमध्ये मुलांनी बाके वाजवली. माझ्यासारख्या दुसऱ्यांदा बसणाऱ्यांना मात्र, पाठ केलेला मुलूख नकाशातून काढून टाकावा तसे वाटले. जठर, स्वादुपिंड, पित्ताशय, बारीकसारीक विकरांसकट मला आजही येते. विचारायला कुणी तयार नाही.

५ मे २०२४ ला दुसऱ्यांदा बसले. ४ जूनला, म्हणजे लोकसभेच्या मतमोजणीच्याच दिवशी, निकाल लागला. मला ५४८. मागच्यापेक्षा १३६ गुण जास्त! बाबांनी पेढ्यांसाठी पैसे काढले. मी क्रमांक पाहिला आणि त्यांना थांबवले. क्रमांक दीड लाखाच्या घरात होता. आदल्या वर्षी एवढ्याच गुणांना त्याच्या निम्म्याच्या आसपासचा क्रमांक मिळत होता. २०२४ च्या त्या निकालाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे: सदुसष्ट जणांना पैकीच्या पैकी, १५६३ जणांना वाढीव गुण, ते रद्द होऊन २३ जूनची फेरपरीक्षा, पेपरफुटीचा तपास, आणि २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करण्यास दिलेला नकार. सुधारित निकालात सदुसष्टांचे सतरा राहिले. त्या साली तेवीस लाखांहून अधिक मुले बसली होती आणि देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. माझा क्रमांक यातल्या कशाने किती घसरला याचा हिशेब मी मांडत बसले नाही. गुण वाढले होते, सगळ्यांचेच वाढले होते, आणि काट्यावर फक्त फरक मोजतात.

एका खासगी आयुर्वेद महाविद्यालयात जागा मिळत होती. वर्षाची फी ऐकून बाबा म्हणाले, "गावाकडची दहा गुंठे काढू." आई काहीच म्हणाली नाही, चपाती लाटत राहिली; पण लाटणे एकदम जोरात फिरू लागले. मी नको म्हणाले. त्याग वगैरे काही नव्हते. ती जमीन विकून मिळवलेल्या पदवीला मी कधी हसऱ्या तोंडाने सामोरी गेले नसते, एवढे मला स्वतःविषयी माहीत आहे. मी आपल्या महाविद्यालयात भूगोल घेतला. डेक्कन ट्रॅप, बेसॉल्ट, लाव्हाचे थर यांचे वर्णन पहिल्यांदा घरी वाचून दाखवले तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे फिरून आपल्या दगडातच आलीस की." आणि बऱ्याच दिवसांनी ते मनापासून हसले. हसता हसता अर्थातच ठसका लागला.

त्या ठसक्याचे पुढे काय झाले तेही सांगते. माझी मैत्रीण गेल्या वर्षी दिवाळीला घरी आली होती. ती आता पांढऱ्या गणवेशात रुग्णालयात शिकाऊ म्हणून उभी राहते. फराळाची ताटली हातात घेऊन ती दोन मिनिटे बाबांच्या श्वासाकडे कान देऊन बसली आणि म्हणाली, "काका, सोमवारी ससूनला यायचं. मी येते बरोबर." इतकी वर्षे आम्ही त्यांना म्हणत होतो, त्यांनी ऐकले नव्हते. तिचे ऐकले. नळीत जोरात फुंकून श्वासाची ताकद मोजतात ती तपासणी झाली. फुंकर कमी भरली. आता रोज दोन वेळा ओढायचे औषध आहे, काट्याच्या खोलीच्या खिडकीला काच बसली आहे, आणि बाबा तोंडाला फडके बांधतात, म्हणजे आम्ही पाहत असलो तर बांधतात.

यंदा भाऊ अकरावीला गेला. विज्ञान घेतले. एका रात्री जेवणे झाल्यावर बाबांनी पुन्हा ती दहा गुंठे काढली आणि मला म्हणाले, "तू यातून गेली आहेस. तू सांग, याला बसवायचं का?"

मी म्हणाले, "जमीन राहू दे. आणि रात्री अभ्यासिकेबाहेर तुम्ही उभं राहायचं नाही. त्याला यायला रस्ता माहीत आहे."

"ते झालं. पण बसवायचं का?"

इतकी वर्षे ज्याच्यावाचून घरात पाणी आले नसते तो मुलगा भिंतीला टेकून शांत बसला होता. माझ्या लक्षात आले की, मला हे कधी कुणी विचारले नव्हते, आणि त्यालाही कुणी विचारत नव्हते. म्हणून मी त्यालाच विचारले, तुला काय करायचे आहे? मनात म्हटले, आता हा क्रिकेट म्हणेल, नाहीतर आणखी काही, आणि आपण सगळे सुटू.

तो म्हणाला, "डॉक्टरच व्हायचंय."

झाले! यावर कोण काय बोलणार? आईने दिवा मालवला. मी माझी जुनी पुस्तके खाटेखालून काढली. त्याच्या नव्या पुस्तकात पचनसंस्थेचा धडा नाही. माझ्यात आहे, पेन्सिलीने रेघा मारलेला. "हे वाचू का?" त्याने विचारले. "पेपरला नाही," मी म्हणाले. त्याने तो तरी वाचायला घेतला.

पहाटे टँकरचा भोंगा वाजला. शिलाई मशीनच्या फळीवर दिवा लागलेला होता. तो सवयीने उठू लागला, तेव्हा आईने कणकेचा हात तसाच वर करून त्याला खाली बसवले आणि माझ्याकडे पाहिले. मी पाईप घेऊन बाहेर गेले.